टॉम वियर : हिमालयापासून दाराजवळच्या टेकडीपर्यंत
(हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यान)



स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या उत्तरेस स्प्रिंगबर्न नावाची कामगारवस्ती आहे. नाव अपरिचित वाटेल. पण भारताच्या लोहमार्गांवर धावलेली शेकडो वाफेची इंजिने याच वस्तीतील कारखान्यांत घडून आगबोटीने इकडे आली होती. रेल्वेच्या नोकरीनिमित्त मुलूख सोडून दूर स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतील वडीलधाऱ्यांनी त्यांतील एखादे तरी इंजिन पाहिलेले असणार. त्या धुराच्या आणि काजळीच्या वस्तीत २९ डिसेंबर १९१४ रोजी टॉम वियर यांचा जन्म झाला. वडील पहिल्या महायुद्धात कामी आले. आई रेल्वेच्या कारखान्यात डब्यांना रंग देण्याचे काम करी आणि मुलांचा सांभाळ आजीकडे असे. थोरली बहीण मॉली पुढे अभिनेत्री म्हणून नावारूपास आली. त्या चाळवजा घरातील बालपणाच्या तिने लिहिलेल्या आठवणी आजही आवडीने वाचल्या जातात.

स्प्रिंगबर्नच्या उंचवट्यावरून उत्तरेकडे कॅम्प्सी नावाच्या डोंगरांची रांग दिसे. ते डोंगर काही फार उंच नव्हेत. परंतु कारखान्याच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या वस्तीतील मुलाला तेवढे क्षितिज पुरेसे होते. वाणसामानाच्या सहकारी दुकानात नोकरी करावी आणि सुट्टी मिळताच पायी डोंगर गाठावा, असा त्याचा क्रम ठरून गेला. दुसऱ्या महायुद्धात वियर तोफखान्यात होते. युद्धानंतर सर्वेक्षण खात्यात त्यांनी भूमापकाचे काम केले आणि पुढे तीही नोकरी सोडून लेखन व छायाचित्रण यांवर निर्वाह करण्याचे धाडस केले. हे धाडस कड्यावरच्या धाडसाहून लहान मानण्याचे कारण नाही.

१९५० साली चार स्कॉटिश गृहस्थ आगबोटीने मुंबईच्या बंदरात उतरले. नेते होते डब्ल्यू. एच. मरे. युद्धकैदी असताना शौचालयाच्या कागदावर गिर्यारोहणाचा ग्रंथ लिहिणारे, शत्रूने ते हस्तलिखित नष्ट केल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून लिहावयास बसणारे, असे हे गृहस्थ. सोबत छायाचित्रकार डग्लस स्कॉट (पुढे १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेले डग स्कॉट ते निराळे), औषधनिर्माते टॉम मॅकिनन आणि टॉम वियर. त्याच वर्षीच्या जून महिन्यात फ्रेंच गिर्यारोहकांनी ८०९१ मीटर उंचीचे अन्नपूर्णा शिखर सर केले आणि साऱ्या जगाचे डोळे तिकडे लागले. या चौघांच्या मागे कोणतेही राष्ट्र उभे नव्हते. थोडका पैसा, मोजके सामान आणि पाठीवर ओझे घेणारे हमाल एवढ्या बळावर त्यांनी गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांत चार महिने भ्रमंती केली. ६२०२ मीटर उंचीच्या उजा तिर्चे शिखरावर पहिले मानवी पाऊल याच तुकडीचे पडले. पंचचूलीने मात्र त्यांना परत पाठविले.

वियर यांनी या भ्रमंतीवर १९५३ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शिखरांइतकेच त्यांचे लक्ष वाटेवरच्या माणसांकडे होते, आणि पुढील आयुष्याचे बीज येथेच दिसते. त्या खोऱ्यांतील भोटिया व्यापारी तेव्हा शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून तिबेटात जात आणि मीठ व लोकर घेऊन परतत. १९६२ च्या युद्धाने ते घाट बंद झाले आणि शतकानुशतके चालत आलेली ती रहदारी थांबली. शिखर जेथल्या तेथे राहते. वाट मात्र माणसांची असते आणि ती माणसांबरोबर नाहीशी होते. म्हणून ती ऐन चालतीबोलती असताना पाहिलेल्यांच्या नोंदींना मोल येते.

दोन वर्षांनी वियर नेपाळच्या रोलवालिंग खोऱ्यातही जाऊन आले. पण त्यांचे खरे घर झाले ते लोमंड सरोवराच्या दक्षिणेकडील गार्टोखार्न या खेड्यात. पत्नी ऱ्होना त्या गावच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. गावाला लागूनच डनक्राइन नावाची टेकडी आहे. उंची अवघी १४२ मीटर. हिमालयाच्या अस्पर्श शिखरावर पाऊल ठेवून आलेला हा पुरुष त्या टेकडीवर वर्षानुवर्षे जात राहिला. तिच्या माथ्यावरून सरोवर, त्यातील बेटे आणि पलीकडे बेन लोमंडचा डोंगर असे सारे एका दृष्टिक्षेपात येते. चार पावलांवरच्या गोष्टीचा कंटाळा न येणे, ही शक्ती थोड्यांनाच लाभते.

दूरदर्शनने त्यांना हाक दिली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. १९७६ पासून स्कॉटिश टेलिव्हिजनवर ‘वियर्स वे’ ही मालिका सुरू झाली आणि सुमारे दशकभर लोकांच्या घरी येत राहिली. ठेंगणी मूर्ती, अंगात लोकरी स्वेटर, डोक्यावर गोंड्याची टोपी. हा सूत्रधार चालत चालत एखाद्या खेड्यात शिरे, तेथील कुणा मेंढपाळाशी किंवा नावाड्याशी बोले आणि जागेचा इतिहास त्या बोलण्यातूनच उलगडत जाई. लोकांनी मोकळे व्हावे यासाठी त्यांना काही युक्ती करावी लागत नसे. ऐकण्याची त्यांना मनापासून हौस होती. त्यांची भाषाही स्प्रिंगबर्नचीच राहिली. पडद्यावर आल्यावर ती घासूनपुसून प्रतिष्ठित करण्याची गरज त्यांना भासली नाही. घरातली भाषा परप्रांतात टिकविणाऱ्या या शाळेच्या परिवाराला त्या साधेपणाची किंमत वेगळी समजावून सांगावयास नको. १९७८ मध्ये त्यांना स्कॉटलंडमधील दूरचित्रवाणी-व्यक्तिमत्त्वाचा वार्षिक बहुमान मिळाला. पुढे या मालिकेचे जुने भाग रात्री उशिरा पुन्हा दाखविले जाऊ लागले, तेव्हा तिच्या पहिल्या प्रसारणाच्या वेळी जन्मलेलीही नव्हती अशी मुले जागून ते पाहू लागली.

लोकप्रियतेची एक अडचण असते. सुंदर जागा दाखविली की तेथे गर्दी होते, आणि गर्दीने जागा बिघडते. वियर यांना हा पेच चुकला नाही. तरीही लोकांपासून जागा लपविण्यापेक्षा लोकांना तिचे राखणदार करणे त्यांना अधिक भरवशाचे वाटले असावे, असे त्यांच्या वागण्यावरून म्हणता येते. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस लोमंड सरोवराच्या पूर्व तीरावर क्रेगरॉयस्टन येथे वीजप्रकल्प योजिला गेला. विजेची मागणी कमी असताना सरोवराचे पाणी वर डोंगरात उपसून साठवावयाचे आणि मागणी वाढली की ते खाली सोडून वीज काढावयाची, अशी ती योजना होती. सरोवराचे रक्षण करण्यासाठी नागरिक संघटित झाले आणि वियर त्यांच्या बाजूने उभे राहिले. वीजही लोकांसाठीच होती, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच हा वाद सोपा नव्हता. प्रकल्प झाला नाही. १९८० मध्ये त्याच तीरावरून १५४ किलोमीटरचा ‘वेस्ट हायलँड वे’ हा पायी चालण्याचा मार्ग खुला झाला आणि २००२ मध्ये सरोवराचा परिसर स्कॉटलंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला.

निसर्गरक्षणाच्या आजन्म कार्यासाठी जॉन म्यूर यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार २००० साली सर्वप्रथम वियर यांना देण्यात आला. ‘द स्कॉट्स मॅगझिन’ मासिकातील त्यांचे सदर तीन दशकांहून अधिक काळ चालले. ६ जुलै २००६ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

जन्मशताब्दीच्या दिवशी, २९ डिसेंबर २०१४ रोजी, सरोवराकाठच्या बाल्माहा गावी त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. चौथऱ्यावरून दूर कोठेतरी पाहणाऱ्या वीरपुरुषाचा तो पुतळा नाही. तो फिरावयास निघालेल्या एका वृद्धाचा आहे, आणि गोंड्याची टोपीही शिल्पकाराने कांस्यात तशीच ठेवली आहे.