हललेला फोटो

गाणं कानांनी ऐकायचं. मग गाणाऱ्यांचे फोटो कशाला? पण इंटरनेट नव्हतं तेव्हा गावोगावच्या पोरांना आपले लाडके वादक भेटायचे ते संगीताच्या साप्ताहिकांतूनच. लंडनच्या ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’साठी फोटो काढणाऱ्या पेनी स्मिथ यांचं काम म्हणजे एका अर्थी आवाज कागदावर उतरवायचा.

हे काम सोपं नव्हे. रोलमध्ये फोटो ३६. दिवे सारखे बदलणार, वादक एका जागी ठरणार नाहीत, आणि फोटो कसा आला हे रोल धुतल्यावरच कळणार.

सप्टेंबर १९७९. न्यूयॉर्कच्या पॅलेडियम थिएटरात ‘द क्लॅश’ हा लंडनचा चौघांचा बँड वाजवत होता. रखवालदार प्रेक्षकांना खुर्चीतून उठू देत नव्हते. समोर नुसती बसलेली माणसं पाहून पॉल सायमनन वैतागला, असं पुढे त्यानेच सांगितलं. त्याने आपली बास गिटार उलटी धरली आणि मंचावर आपटली. मंचाच्या कडेला उभ्या पेनीबाई मागे सरता सरता बटण दाबत राहिल्या.

फोटो हललेला आला. पॉलचा चेहरा दिसत नाही. वाकलेली पाठ आणि खाली येणारी गिटार, एवढंच. बँडच्या नव्या अल्बमच्या आवरणावर तो घ्यायचा म्हटल्यावर पेनीबाईंनीच विरोध केला, फोटो स्पष्ट नाही म्हणाल्या. पण गायक जो स्ट्रमर आणि आवरण करणारे चित्रकार रे लाउरी यांनी आग्रह धरला. डिसेंबर १९७९ मध्ये ‘लंडन कॉलिंग’ त्याच फोटोसह बाजारात आला. २००२ मध्ये ‘क्यू’ मासिकाने रॉक संगीतातला सर्वोत्तम फोटो म्हणून त्याचीच निवड केली. २०१० मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने हे आवरण तिकिटावरही छापलं.

पेनीबाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. फोटो धूसर आहेच. पण गिटार फुटण्याआधीचा तो क्षण काचेसारखा स्वच्छ आला असता, तर गिटार नुसती हवेत टांगलेली दिसली असती. ती हलली म्हणून आदळणार हे कळतं, आणि पाहणाऱ्याला आवाज ऐकू येतो.

आम्हा कवींचंही असंच आहे. मात्रा चुकली, शब्द ओबडधोबड आला, की आधी काट मारायची सवय. काट जरूर मारावी. पण पान फाडण्याआधी ते एकदा दुसऱ्या कुणाला वाचून दाखवावं. आपल्याला दोष दिसतो तिथं त्याला कदाचित काही ऐकू येत असेल.