खाड्यांचा हिशेब, वर्षाचा झाडा



डिसेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की घराघरांत पुढच्या वर्षाची बोलणी सुरू होतात. पहाटे उठायचे, वजन उतरवायचे, चहातली साखर बंद, रात्री दहानंतर मोबाइल बाजूला, महिन्याला दोन पुस्तके, पगार झाला की ठरावीक रक्कम आधी शिलकीत. गेल्या डिसेंबरातली यादीही बरीचशी अशीच असते, पण हे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण ती काढून बघण्याची चाल आपल्याकडे नाही. नवा संकल्प सोडण्याआधी जुन्याचा झाडा घेतला पाहिजे, आणि तो नीट घेतला तर नवा संकल्प कसा करायचा हे त्यातूनच बरेचसे ठरते, एवढेच आजच्या व्याख्यानाचे म्हणणे आहे.

संकल्प टिकत नाहीत, ही तक्रार कोणी मोजून पाहिली आहे का? अमेरिकेतल्या स्क्रँटन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी १९८०च्या दशकात नववर्षाचे संकल्प केलेल्या २०० माणसांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. पहिला आठवडा सलग पाळणारे ७७ टक्के निघाले, दोन वर्षांनंतर उरले १९ टक्के. हा आकडा ऐकून अनेक जण संकल्पाचा नादच सोडतात. त्यांनी नॉरक्रॉस यांचे पुढचे कामही पाहावे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी दोन गटांची तुलना केली: संकल्प केलेले, आणि तीच सुधारणा हवी असूनही संकल्प न केलेले. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४६ टक्के माणसे आपल्या ठरवण्यावर टिकून होती, दुसऱ्यात ४ टक्के. म्हणजे संकल्प करणे व्यर्थ नाही. व्यर्थ जाते ते त्याच्यावर लक्ष न ठेवणे.

लक्ष ठेवायचे कसे, हे मराठी घराला शिकवावे लागत नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. १९७३ साली सुरू झालेले ‘कालनिर्णय’ त्या खिळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथीच्या चौकोनात पेन्सिलीने फुली असते: आज दूध आले नाही. दुसऱ्या खुणेचा अर्थ कामाच्या मावशींचा खाडा. कोपऱ्यात नवा सिलिंडर लावल्याची तारीख. महिनाअखेर दूधवाला दारात उभा राहिला की पान बघून पैसे दिले जातात. कुणी आठवणीवर विसंबत नाही, कुणी कुणावर चिडत नाही. मात्र घरातल्या माणसाने फिरायला जायचे ठरवले असेल, तर त्याचे खाडे त्या चौकोनात कुठेच नसतात. तो हिशेब आठवणीवर सोडलेला असतो आणि आठवण फार दयाळू असते. आठवड्यात दोनदा फिरून आलेला माणूस डिसेंबरात मनापासून सांगतो, ‘बऱ्यापैकी नियमित होतो.’

म्हणून झाडा कागदावरच्या किंवा यंत्रातल्या नोंदीवरून घ्यावा. बचतीचे काय झाले ते पासबुक सांगते, चालण्याचे काय झाले ते मोबाइल. मधुमेही माणसाच्या फाइलीत तर या कामाचा फार चांगला साक्षीदार असतो. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत गोड टाळले, रात्री हलके जेवले, तर उपाशीपोटीची साखर बरी दिसू शकते. पण एचबीएवनसी ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांतली सरासरी दाखवते, कारण साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि या पेशी तीन-चार महिने जगतात. दोन दिवसांच्या पथ्याने तो आकडा फारसा हलत नाही. गणपतीतले मोदक, दसऱ्याचे श्रीखंड आणि दिवाळीचा फराळ हे सगळे जमेस धरूनच तो येतो. वर्षभरात असे तीन-चार अहवाल झाले असतील, तर ते शेजारी शेजारी ठेवून बघितल्यावर कोणता हंगाम जड गेला हे डॉक्टरांना विचारायचीही गरज पडत नाही.

व्यायामशाळेचे उदाहरण पैशाच्या अंगाने बोलके आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सदस्यांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली निष्कर्ष छापले. दरमहा ७० डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सदस्य महिन्याला सरासरी साडेचार वेळाही आले नव्हते. दर खेपेला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडले. त्याच क्लबांत दहा खेपांचा पास घेतला असता, तर खेप १० डॉलरांत झाली असती. वर्गणी भरताना आपण किती वेळा येऊ याचा अंदाज त्यांनी भलताच चढा बांधला होता. आपल्याकडे जानेवारीत वर्षाची फी एकरकमी भरणाऱ्याने फक्त गेल्या वर्षीची हजेरी मागवून बघावी. महिन्याची फी भरायची की वर्षाची, हा निर्णय पाच मिनिटांत होईल.

स्वतःचा हिशेब इतक्या निष्ठेने ठेवणारा सर्वांत प्रसिद्ध माणूस बेंजामिन फ्रँकलिन. फिलाडेल्फियात छापखाना चालवणाऱ्या या तरुणाने तेरा सद्गुणांची यादी केली आणि एक छोटी वही बांधली. प्रत्येक पानावर लाल शाईने सात उभे रकाने आखले, आठवड्याच्या वारांसाठी. आडव्या तेरा ओळी, गुणांसाठी. रात्री दिवस तपासायचा आणि ज्या गुणाशी चूक झाली त्याच्या चौकोनात काळा ठिपका द्यायचा. एका आठवड्यात खास लक्ष एकाच गुणावर. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. एकच वही पुन्हा पुन्हा वापरायची म्हणून तो जुने ठिपके खरवडून काढी. त्याने कागदाला भोके पडू लागली, तेव्हा त्याने तो तक्ता हस्तिदंताच्या पातळ पानांवर उतरवला. त्यावर शिसपेन्सिलीने केलेली खूण ओल्या स्पंजाने पुसली जाई.

हा तपशील सांगायचे कारण वेगळे आहे. फ्रँकलिनला व्यवस्थितपणा, म्हणजे प्रत्येक वस्तू जागच्या जागी आणि प्रत्येक काम वेळच्या वेळी, हा गुण शेवटपर्यंत साधला नाही. त्या ओळीतले ठिपके त्याला इतके छळू लागले, की नाद सोडून द्यावा असे त्याला वाटले. तसे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. तरीही वही फेकली नाही, कारण बाकीच्या ओळींतले ठिपके कमी होताना त्याला दिसत होते. एका ओळीवरून सगळ्या वहीचा निकाल लावायचा नाही, हे त्याला नोंदीमुळेच कळले. नोंद नसती, तर त्या एका अपयशाने बाकीचे सगळे झाकून टाकले असते. डिसेंबरात ‘यंदा काहीच जमले नाही’ म्हणणाऱ्यांचे बहुधा हेच होते.

नुसते लिहून ठेवले की काम होते, असाही एक समज पसरला आहे. १९५३च्या तुकडीतल्या ज्या थोड्या येल पदवीधरांनी ध्येये लिहून ठेवली, ते पुढे बाकी सगळ्यांहून श्रीमंत झाले, ही गोष्ट शिबिरांत हमखास सांगितली जाते. असा अभ्यास झालाच नव्हता. १९९६ साली एका अमेरिकी मासिकाने शोध घेतला, तेव्हा मूळ कागद कुणालाच दाखवता आला नाही. ही गोष्ट आता सांगणे थांबवायला हवे, कारण तिच्या भरवशावर माणसे सुंदर डायरीत सुंदर वाक्ये लिहून निश्चिंत होतात.

मग काय लिहायचे? पूजेला बसलेला यजमान संकल्प सोडतो, तेव्हा गुरुजी त्याच्याकडून काय काय म्हणवून घेतात ते आठवावे. संवत्सराचे नाव, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग ठिकाण, अगदी गोदावरीच्या कोणत्या तीरावर इथपर्यंत. मग गोत्र आणि नाव. आणि हे सगळे झाल्यावर, अखेरीस, काय करणार ते. कोण, केव्हा, कुठे हे नक्की झाल्याशिवाय ‘करीन’ हा शब्द तोंडातून निघत नाही.

प्रयोगशाळेतही याच्याशी जुळणारे निघाले. पीटर गोलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुटीत एक टिपण लिहायला सांगितले: नाताळची संध्याकाळ कशी गेली, ते दोन दिवसांच्या आत लिहून पाठवायचे. काही जणांकडून ते नेमके केव्हा आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवून घेतले. त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी ते वेळेत लिहिले. बाकीच्यांतल्या सुमारे एक तृतीयांश मुलांनी. ‘वाचन वाढवायचे’ आणि ‘रात्रीची भांडी आवरली की गॅलरीतल्या खुर्चीत वीस पाने’ या दोन संकल्पांत अंतर पडते ते इथे.

या सगळ्याहून मोठी शिकवण आपल्याकडे चातुर्मासाच्या नेमात आहे, आणि तिच्याकडे केवळ धार्मिक आचार म्हणून पाहिल्याने आपले नुकसान झाले आहे. आषाढी एकादशीला नेम धरायचा, कार्तिकीला सोडायचा. कुणी कांदा-लसूण वर्ज्य करतो, कुणी जेवताना मौन पाळतो, कुणी रोज पोथीचा एक अध्याय वाचतो, कुणी तुळशीला प्रदक्षिणा घालते. नेम लहान असतो, घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतो, आणि मुख्य म्हणजे त्याला मुदत असते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि नेम धरणाऱ्यांना सुमारे पाच महिने पाळावा लागला, तेव्हाही शेवट कोणत्या तिथीला आहे हे सुरुवातीलाच माहीत होते. नेम पूर्ण झाला की उद्यापन होते, वाण दिले जाते. म्हणजे झाड्याचा दिवस आचारातच बसवलेला आहे.

एक जानेवारीच्या संकल्पाला यातले काहीच नसते. ‘आता रोज’ असे तो म्हणतो, आणि ‘रोज’ला अंत नसल्याने तो पूर्ण कधीच होत नाही. मोडू मात्र शकतो, तिसऱ्या आठवड्यातच.

मुदतीच्या संकल्पाचे आपल्याकडचे ठळक उदाहरण लोकमान्य टिळकांचे. डेक्कन कॉलेजात आले तेव्हा त्यांची प्रकृती किरकोळ होती. त्यांनी पहिले वर्ष शरीर कमावण्यासाठी दिले: तालीम, कुस्ती, पोहणे. अभ्यास मागे पडला आणि त्या वर्षीची परीक्षा गेली. ही हानी त्यांनी जाणून पत्करली होती. चरित्रकार हा प्रसंग जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतात, पण त्यातली आखणीही तितकीच पाहण्यासारखी आहे. काम एकच, मुदत एक वर्षाची, आणि त्यासाठी काय सोडायचे हे सुरुवातीलाच ठरलेले. नववर्षाच्या आपल्या यादीत सहा-सात कामे असतात. त्यांच्यासाठी काय सोडणार, याचा रकानाच नसतो. पहाटे पाचला उठायचे तर रात्री काय बंद करणार? ते लिहिल्याशिवाय संकल्प अर्धाच राहतो.

सुरुवातीच्या दिवसाबद्दल मात्र उदार असावे. हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांच्या २०१४च्या अभ्यासात असे आढळले, की नवा आठवडा, नवा महिना, नवे सत्र अशा उंबरठ्यांवर माणसे व्यायामशाळेकडे जास्त वळतात. मराठी पंचांग तर साडेतीन मुहूर्त देते: गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा दिवाळीतला पाडवा. शिवाय एप्रिलमधले आर्थिक वर्ष, जूनमधली शाळा. जानेवारीत घसरलेल्याने पुढच्या जानेवारीपर्यंत थांबण्याचे काहीच कारण नाही.

आणि घसरणे ठरलेलेच आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एकच नवी कृती करायला लावून ८४ दिवस पाहिले. कृती अंगवळणी पडायला लागणारा काळ मधल्या अंदाजाने ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असे गणित आले. २१ दिवसांत सवय लागते या लाडक्या आकड्याला त्यात आधार मिळाला नाही. याहून दिलासा देणारी गोष्ट ही, की मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष बाधा आली नाही. नॉरक्रॉस यांच्या अभ्यासात दोन वर्षे टिकलेल्यांपैकीही ५३ टक्के माणसे किमान एकदा घसरली होती, आणि दोन वर्षांतल्या घसरणीची सरासरी १४ होती. चौदा खाडे! तरी ते यशस्वींतच मोजले गेले. आपल्याकडे पहिल्याच खाड्याला ‘मोडला नेम’ म्हणून माणूस मोकळा होतो, आणि चांगली चाललेली गोष्ट एका लग्नाच्या पंगतीवरून बंद पडते.

झाडा घेताना काही ओळी खोडाव्याही लागतील. तीन-चार वर्षे यादीत येऊन एकदाही सुरू न झालेले गिटार किंवा जर्मन भाषा, ही आता इच्छा उरली आहे का, हे विचारण्यात अपराध नाही. पण खोडताना स्वतःशी खरे बोलावे. याचा सर्वांत कठोर नमुना गांधीजींचा आहे. १९१२ साली त्यांनी दूध सोडले. १९१८-१९च्या आजारात प्रकृती ढासळली, तेव्हा मुंबईत डॉक्टर दलालांनी दुधाचा आग्रह धरला; व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे होते, शेळीच्या दुधाला हरकत कसली, असे कस्तुरबांनी सुचवले. गांधीजींनी ते घेतले. पुढे आत्मकथेत त्यांनी स्वच्छ लिहिले, की अक्षर पाळले गेले पण व्रताचा आत्मा मारला गेला, आणि ही गोष्ट त्यांना डाचत राहिली. काय ठरवले होते, काय केले, का केले, हे तिन्ही त्यांनी लोकांपुढे मांडले; प्रकृती सुधारली, देशाचे काम पुढे चालले, म्हणून त्यांनी हा खाडा झाकला नाही. गेल्या वर्षाची यादी घेऊन बसणाऱ्याने प्रत्येक ओळीपुढे हेच तीन रकाने भरावेत, आणि नव्या वर्षासाठी त्यातली एकच ओळ उचलून तिला आषाढीपर्यंतची मुदत द्यावी.