मग भिंत कोठें गेली?

समुद्र पाहावयाचा असेल तर समुद्रकांठीं जावें, हें खरें. पण समुद्राचें पोट पाहावयाचें असेल तर काय करावें? ह्या प्रश्नाला अमेरिकेंतील कांहीं हौशी मंडळींनीं १९३८ सालीं एक उत्तर दिलें. फ्लॉरिडा संस्थानांत सेंट ऑगस्टीन गांवाच्या दक्षिणेस त्यांनीं समुद्रकिनाऱ्यावर प्रचंड हौद बांधले व त्यांच्या भिंतींना खिडक्या ठेवल्या. ह्या खिडक्या मुळांत कॅमेऱ्यासाठीं होत्या. संस्थेचें नांवच मुळीं 'मरीन स्टुडिओज्'. रशियन कादंबरीकार लिओ टॉलस्टॉय ह्यांचे नातू इल्या टॉलस्टॉय हे तिच्या संस्थापकांपैकीं एक. पाण्याखालचे चित्रपट तेथें सोयीनें घेतां यावेत, एवढाच हेतु. पण प्रेक्षक असे लोटले कीं, स्टुडिओ मागें पडला आणि तमाशा पुढें आला. सागरी उद्यानांचें हें कूळ श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. कारण आजची हकीकत एका छायाचित्रकाराची आहे.

हा गृहस्थ लॉस एंजेलिसचा. धंदा लग्नसमारंभांचीं छायाचित्रें काढण्याचा. २०१७ नंतरच्या एका उन्हाळ्यांत पत्नी व आठ वर्षांची मुलगी ह्यांना घेऊन तो सॅन डिएगोच्या 'सी वर्ल्ड' उद्यानांत सुटीचा एक दिवस घालविण्यास गेला. 'सुटी म्हणजे कॅमेऱ्यालाही सुटी,' असा पत्नीशीं करार झालेला होता. परंतु ह्या धंद्यांतल्या माणसाचा असला करार आणि दारू सोडणाऱ्याची शपथ ह्यांत फारसें अंतर नसतें. फाटकांतून आंत शिरतांच पिशवीतून कॅमेरा बाहेर आला.

मिशन बे नांवाच्या खाडीच्या कांठीं हें उद्यान २१ मार्च १९६४ रोजीं उघडलें. पूर्वीं तेथें खारी दलदल होती; ती उपसून व भर घालून खाडीला आजचें रूप दिलेलें आहे. सकाळीं मंडळी प्रथम पेंग्विन पाहावयास गेली. तेथें उजेड मंद, मध्यें जाड कांच आणि कांचेत प्रेक्षकांचीं प्रतिबिंबें. छायाचित्रकारानें भिंग कांचेला अगदीं भिडविलें, भोंवतीं आपला काळा कोट धरला आणि प्रतिबिंबांचा नायनाट केला. लग्नांतहि त्याची हातोटी हीच. दिवाणखान्यांतील लोंबत्या तारा, जांभई देणारा पाहुणा, रुसलेली आत्या, हीं सारीं चौकटीबाहेर ठेवावयाचीं. मग जें उरतें त्याला लोक आनंदाचा क्षण म्हणतात. पेंग्विनांचें चित्र असें उतरलें कीं, ते दक्षिण ध्रुवाजवळच टिपले आहेत असें वाटावें.

उद्यानांत १९६९ मध्यें उभारलेला, ३२० फूट उंचीचा एक मनोरा आहे. त्याच्याभोंवतीं गोल फिरत वर चढणाऱ्या कक्षांत बसून ही मंडळी वर गेली. खालीं हौद निळ्या बशांसारखे मांडलेले; त्यांच्या पलीकडे खाडी आणि खाडीच्या पलीकडे दृष्टि पोहोंचेल तेथवर प्रशान्त महासागर. वडिलांनीं महासागराचें चित्र घेतलें. मुलगी बशा मोजीत होती.

दुपारीं ऑर्काचा प्रयोग. ऑर्काला देवमासा म्हणण्याची चाल असली, तरी तो खरा डॉल्फिनच्या कुळांतला, त्या कुळांतील सर्वांत मोठा. मोकळ्या समुद्रांत तो एका दिवसांत शंभर मैलांपर्यंतची मजल मारूं शकतो. ह्या उद्यानांत पहिली गाजली ती शामू. उत्तरेकडील प्युजेट साउंड येथें १९६५ मध्यें पकडलेली मादी. ती १९७१ मध्यें मेली, पण नांव मरूं दिलें गेलें नाहीं. तिच्यामागून आलेल्यांना तेंच चिकटविण्यांत आलें. गादी रिकामी ठेवावयाची नाहीं, हा संस्थानिकांचा नियम व्यापाऱ्यांनाहि ठाऊक असतो. पुढें काळ फिरला. २०१० मध्यें कंपनीच्या ऑरलँडो येथील उद्यानांत तिलिकुम नांवाच्या ऑर्कानें आपल्या प्रशिक्षिकेचा प्राण घेतला. त्यावर २०१३ सालीं 'ब्लॅकफिश' हा बोलपट निघाला आणि लोकमत ढवळून निघालें. त्याच वर्षीं आपल्या देशांत डॉल्फिनांचे असले खेळ उभारण्यास परवानगी न देण्याचा निर्णय झाला. मार्च १९१६ नव्हे, अगदीं परवांपरवां, मार्च २०१६ मध्यें कंपनीनें ऑर्कांची पैदास थांबविल्याचें जाहीर केलें, आणि सॅन डिएगोचा जुना नाटकी प्रयोग जानेवारी २०१७ मध्यें बंद झाला. त्या जागीं आलेल्या नव्या कार्यक्रमांत प्राण्याच्या नैसर्गिक संवयींची माहिती सांगतात. उडी मात्र राहिली आहे. ती काढली तर बांकांवर कोण बसणार?

पुढच्या रांगा भिजावयाच्या रांगा. छायाचित्रकार मुद्दाम तेथेंच, जवळजवळ जमिनीला टेकून बसला; खालून वर नेम धरला म्हणजे हौदाचा कठडा चौकटींत येत नाहीं. सेकंदाचा दोनहजारावा भाग एवढा वेळ शटर उघडलें, आणि कित्येक मणांचें तें काळेंपांढरें धूड, पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उधळीत, निव्वळ आकाशावर कोरलें गेलें. दुसऱ्या क्षणीं खारें पाणी अंगावर आलें. मुलगी खदखदां हंसली. तो आधीं कॅमेरा पुसूं लागला.

संध्याकाळीं मंडळी हौदाच्या पोटांतल्या कांचेपाशीं आली. तेथें एक नर फिरत होता. पूर्ण वाढलेल्या नराच्या पाठीवरचा पर सहा फुटांपर्यंत उंच होतो. त्यांत हाड नसतें. मोकळ्या समुद्रांत तो बहुधा ताठ असतो. हौदांतल्या मोठ्या नरांचा मात्र बहुतेक सर्वांचा एका बाजूस कलंडतो. असें कां होतें ह्याविषयीं जाणत्यांचें एकमत नाहीं. पृष्ठभागावर फार वेळ राहणें, लांब पोहणें न घडणें, अशीं कारणें सांगतात. ह्याचाहि पर भिजल्या पताकेसारखा पडलेला होता. मुलीनें कांचेवर तळहात ठेवला.

"बाबा, हा आठवा फेरा."

"कसला?"

"तिकडे जातो आणि परत येतो. आठव्यांदा."

त्यानें कॅमेरा उचलला. कोट गाडींत राहिला होता. मुलीचें प्रतिबिंब, मागची भिंत, कांचेचा सांधा, पडलेला पर, सारें एकाच चौकटींत आलें.

न्यायाची गोष्ट म्हणून इतकें सांगितलें पाहिजे कीं, ह्याच उद्यानानें जानेवारी १९९७ मध्यें लॉस एंजेलिसजवळ आईपासून तुटलेलें, मरणोन्मुख असें करड्या देवमाशाचें पिल्लूं आणून वाढविलें. जेजे हें तिचें नांव. आली तेव्हां चौदा फूट. ३१ मार्च १९९८ रोजीं समुद्रांत सोडली तेव्हां सुमारें एकतीस फूट. अंगावर बसविलेलीं माग काढण्याचीं यंत्रें तिनें लवकरच झटकून टाकलीं आणि ती निघून गेली. पुढें तिचा ठावठिकाणा कोणाला लागला नाहीं. त्या साऱ्या खटाटोपाचें याहून चांगलें फळ कोणतें असणार!

रात्रीं मुक्कामावर चित्रें पाहणें झालें. उडीचें चित्र पाहून पत्नीनें सकाळच्या कराराचा उल्लेख करावयाचें सोडून दिलें.

"बाबा, हा समुद्रांतला?" मुलीनें विचारलें.

"छे! आपण पाहिला तोच."

"मग भिंत कोठें गेली?"

खालीं टेकून बसलें म्हणजे काय होतें, हें तो समजावून सांगूं लागला आणि अर्ध्यावरच थांबला. तिनें दुसरें चित्र मागितलें, कांचेवरचें. तें बिघडलें आहे, त्यांत सांधा आला आहे, असें त्यानें सांगून पाहिलें.

"त्यांत मी आहें," ती म्हणाली.

तें चित्र आतां तिच्या अभ्यासाच्या मेजावर लावलेलें आहे. उडीचें चित्र मोठें करून त्यानें दुकानाच्या दर्शनी भागीं ठेवलें. लग्नाचें ठरवावयास आलेलीं गिऱ्हाइकें त्यापुढें थबकतात आणि हा कोणता समुद्र, म्हणून विचारतात. तो सॅन डिएगोचें नांव सांगतो.