डावीकडून चला



कोंढव्यापासून टिळक रस्त्यापर्यंत मी रोज सायकलनं जातो. अंतर साधारण सात किलोमीटर. जाताना पस्तीस मिनिटं लागतात, येताना पंचेचाळीस, कारण लुल्लानगरचा चढ परतीच्या वाट्याला येतो. वय पंचावन्न, नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्याची. कविता करतो, पण कवितेवर पेट्रोल भरता येत नाही, हे काही सायकल चालवण्याचं कारण नव्हे. मला ती आवडते. वेळेवर पोचवते.

पुण्यात ‘गाडी’ म्हटलं की स्कूटर किंवा मोटरसायकल. सायकल ही गाडी नव्हे. एका सभागृहात कविसंमेलनाला गेलो तेव्हा फाटकावरच्या माणसानं विचारलं, “गाडी कुठं लावली?” मी सायकल दाखवली. तो म्हणाला, “ती बाहेर, भिंतीला टेकवा.” आत शंभरेक दुचाक्या मांडवाच्या सावलीत उभ्या होत्या. मानधनाचं पाकीट मात्र इतरांइतकंच मिळालं, तेव्हा तक्रार नाही.

पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. माझ्या वडिलांच्या सायकलीला कराचा पितळी बिल्ला होता. रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचे, डबलसीट दिसलं तरी अडवायचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की सायकलींचा असा लोंढा बाहेर पडायचा की बाकीची वाहनं थांबून राहायची. आज लोक म्हणतात, तेव्हाचं शहर सायकलीला सोयीचं होतं. मला तसं वाटत नाही. तेव्हाही रस्ते अरुंद होते आणि आमच्यासाठी वेगळं कुणी काही बांधलं नव्हतं. आम्ही संख्येनं जास्त होतो, म्हणून रस्ता आमचा होता. मग हप्त्यावर स्कूटर आली, लूना आली, आणि रस्त्यावर उरलेला सायकलवाला एकटा पडला.

या एकट्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात : डावीकडून चला. सल्ला बरोबर आहे. पण रस्त्याची डावी कड म्हणजे काय, ते एकदा सायकलवर बसून पाहावं. गटारांची झाकणं तिथंच, खाली गेलेली किंवा वर आलेली. खोदून बुजवलेला चर तिथंच. बस थांब्याला येते ती डावीकडे, रिक्षा प्रवासी घ्यायला वळते ती डावीकडे. उभ्या मोटारीचं दार उघडतं तेही आपल्याच अंगावर. म्हणून मी मोटारींपासून हातभर लांब राहतो, तर मागचा हॉर्न वाजवून सांगतो, “काका, साइडला घ्या.” साइडला दार आहे, बाबा.

सगळ्यात वाईट म्हणजे चौकातलं डावं वळण. आपल्याला सरळ जायचं असतं. उजवीकडून आलेला टेम्पो आपल्याला ओलांडतो आणि आपल्याच पुढ्यातून डावीकडे वळतो. त्याच्या लेखी त्यानं आपल्याला मागं टाकलेलं असतं. पण त्याची लांबी अजून संपलेली नसते. पुढचं चाक मोठा वळसा घेतं, मागचं आत येतं, फुटपाथच्या कडेला घासत. त्या मधल्या जागेत सायकलवाला असतो.

सेव्हन लव्हज चौकाच्या अलीकडे मला सकाळी एक रखवालदार भेटायचे. रात्रपाळी संपवून ते उलट्या दिशेनं घरी निघालेले असायचे. काळी, जुन्या बांधणीची सायकल, कॅरेअरला डबा. आम्ही घंटी वाजवून एकमेकांना सलाम करायचो. नावं विचारायची राहून गेली. एका पावसाळ्यात ते दिसेनासे झाले. चौकातल्या पंक्चरवाल्या चाचांकडून कळलं, डाव्या वळणावर ट्रकच्या मागच्या चाकाखाली पाय गेला. जीव वाचला, पण उभं राहण्याची नोकरी गेली. सायकल चाचांकडेच होती. “चाक का आउट निकाल दिया, छर्रे भी बदल दिये,” चाचा म्हणाले. “मगर लेने कौन आएगा?”

सायकलीसाठी काहीच झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. २००६ साली कात्रज ते स्वारगेट ते हडपसर असा बीआरटीचा मार्ग सुरू झाला, त्याच्या कडेनं सायकल मार्ग आखले गेले. २०१७ साली शहराचा सायकल आराखडा आला. त्याच डिसेंबरात मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या, आणि दोन-तीन वर्षांत गेल्याही. मार्ग अजून जागोजागी आहेत. त्यांच्यावर विजेची पेटी आहे, पाणीपुरीची गाडी आहे, लावलेल्या दुचाक्या आहेत. आणि जिथं मार्गाची खरी गरज, त्या चौकाशी येऊन ते संपतात. माझं स्पष्ट मत आहे की हे मार्ग आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रविवारी सकाळी हेल्मेट घालून निघणारा हौशी माणूस होता. तो चांगलाच माणूस आहे. पण दूधवाला, गवंडी, रखवालदार यांना संध्याकाळी साडेसहाला चौक ओलांडायचा असतो.

कुणी म्हणतं, हॉलंडची गोष्ट वेगळी, तिथं पहिल्यापासूनच सायकली. तसं नाही. तिथंही मोटारींसाठी रस्ते मोकळे केले गेले होते. १९७१ साली त्या छोट्या देशात अपघातांत सुमारे तीन हजार तीनशे माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या आंदोलनाचं नावच होतं ‘मुलांची हत्या थांबवा’. त्यानंतर रस्ते बदलू लागले, आणि बदल चौकांतही झाले.

मुलांचा विषय निघालाच आहे. माझी धाकटी लेक सतरा वर्षांची आहे. यंदा तिला टिळक रस्त्याजवळच्या कॉलेजात जायचंय, आणि ती म्हणते, “अब्बा, मीही सायकलनंच जाणार.” तिची अम्मी माझ्याकडे बघते. जन्मभर सायकलीचं कौतुक करणाऱ्या माणसानं आता नाही कसं म्हणावं? आणि हो म्हणताना मला तो ट्रक दिसतो.

सध्या आम्ही दोघं भल्या पहाटे, फजरच्या नमाजनंतर, तो रस्ता पालथा घालतोय. टेम्पोच्या मागं थांबायचं, त्याच्या डाव्या अंगाला शिरायचं नाही, हे तिला पाठ झालंय. स्वारगेटला जेधे चौकात मी उतरून सायकल हातात धरून चालतो. तिला ते कमीपणाचं वाटतं. परवा तिनं विचारलं, “सरळ जाणाऱ्यानंच का उतरायचं?” मी म्हटलं, चल, उशीर होतोय. कॉलेज सुरू व्हायला तीन आठवडे आहेत.