नीतिमान ठरणे आणि पवित्र होत जाणे

(आपल्या आदिवासी कार्याच्या वार्षिक मेळाव्यात दिलेला संदेश)



आजच्या संदेशासाठी मला दोन शब्द देण्यात आले आहेत. पहिला, नीतिमान ठरवले जाणे. दुसरा, पवित्रीकरण. दोन्ही शब्द आपण उपासनेत ऐकतो, बायबल क्लासमध्ये शिकतो. पण या दोघांचे एकमेकांशी नाते काय, हे विचारले की आपण चाचपडतो. आणि त्याचा परिणाम थेट आपल्या पाड्यांवरच्या कामावर होतो. कसा, ते सांगतो.

पाठिंबा देणाऱ्या मंडळ्यांत मी जातो तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. "पाळकसाहेब, त्या पाड्यावर ज्याने बाप्तिस्मा घेतला, तो पुन्हा दारू प्यायला लागला म्हणे. मग त्याचे तारण झालेच नव्हते का?" प्रश्न विचारणारा वाईट मनाने विचारत नाही. त्याने प्रार्थना केलेली असते, पोटाला चिमटा काढून पैसे पाठवलेले असतात. पण या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. माणूस जितका सुधारला तितका तो देवाला मान्य, आणि घसरला की देवाने दिलेली मान्यताही गेली, अशी ती समजूत. आज त्याच समजुतीकडे आपल्याला बघायचे आहे.

आपल्या कामाच्या भागात ज्या कातकरी कुटुंबांशी आपला संबंध येतो, त्यांतली कितीतरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. जाण्याआधी, पावसाळ्यात घरात दाणा नसताना, त्यांनी शेठकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचलीचा हिशोब शेठच्या वहीत असतो. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा जावे लागते. बाप गेला तर मुलाने जायचे. यालाच आपण वेठबिगारी म्हणतो.

१९७६ साली आपल्या देशात वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. त्यात काय म्हटले आहे ते फार महत्त्वाचे आहे. वेठबिगार हळूहळू कर्ज फेडून मोकळा होईल, असे तो कायदा म्हणत नाही. ते कर्जच संपले, ते फेडण्याची जबाबदारी उरली नाही, असे तो म्हणतो. सरकारी अधिकारी चौकशी करतो आणि मुक्ततेचा दाखला देतो. तो कागद हातात पडतो त्या दिवशी तो माणूस मोकळा असतो. अर्धा मोकळा नाही, नव्वद टक्के नाही. त्याला सही येते की नाही, तो दारू पितो की नाही, उद्या तो कुठे काम शोधणार, यांतल्या कशावरही त्याची सुटका अवलंबून नसते.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय होते? कोणी मोठ्याने हाक मारली की तो दचकून उठतो, मान खाली घालून उभा राहतो. पैसे हातात आले तर ते कसे राखायचे हे त्याला कधी शिकायलाच मिळालेले नसते. रेशनकार्ड नाही, जातीचा दाखला नाही, बँकेत खाते नाही. पुढचा पावसाळा आला, घरात दाणा संपला, की शेठचा माणूस दारात उभाच. म्हणून त्याच कायद्याने जिल्हाधिकाऱ्यावर आणखी एक काम सोपवले आहे. सुटलेल्या माणसावर पुन्हा तसले कर्ज घेण्याची पाळी येऊ नये, अशी त्याच्या हिताची काळजी घ्यायची. पुढे १९७८ पासून केंद्र सरकारने पुनर्वसनाची योजनाही सुरू केली. सुटका एका दिवसात होते. मोकळ्या माणसासारखे जगायला शिकणे वर्षानुवर्षे चालते.

बंधुभगिनींनो, नीतिमान ठरवले जाणे म्हणजे ती सुटका. पवित्रीकरण म्हणजे मोकळ्या माणसासारखे चालायला शिकणे. एक देवाच्या न्यायासनासमोरचा निकाल आहे, दुसरे पवित्र आत्म्याने आपल्या जीवनात चालवलेले काम आहे. निकाल एकदाच लागतो आणि पूर्ण लागतो. काम शेवटच्या श्वासापर्यंत चालते.

हा दाखला एका ठिकाणी अपुरा पडतो, तेही सांगतो. वेठबिगाराचे कर्ज मुळातच अन्यायाचे असते, म्हणून कायदा ते रद्द करतो. आपले देवाजवळचे ऋण मात्र खोटे नव्हते. त्या वहीतला प्रत्येक आकडा खरा होता. देवाने ती वही नुसती फाडली नाही. त्याच्या पुत्राने वधस्तंभावर ते ऋण फेडले. म्हणूनच निकाल पक्का आहे. फेडलेले ऋण पुन्हा कोणी मागू शकत नाही, सैतानही नाही आणि आपले स्वतःचे मनही नाही.

शास्त्रात हा क्रम कुठे दिसतो? रोमकरांस पत्र उघडा. तिसऱ्या अध्यायापासून पाचव्यापर्यंत पौल एकच गोष्ट लावून धरतो. माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने नीतिमान ठरतो. मग सहाव्या अध्यायाच्या आरंभी तो स्वतःच आपल्या मनातला प्रश्न विचारतो. कृपा इतकी मोठी आहे, तर पाप करीत राहायला काय हरकत? आणि लगेच ठामपणे नाही म्हणतो. सहा, सात आणि आठ हे अध्याय नव्या चालीचे, तिच्यातल्या झगड्याचे आणि आत्म्याच्या सामर्थ्याचे आहेत. पौलाने हे अध्याय उलट्या क्रमाने लिहिले नाहीत. "आधी नीट चाला, मग निकाल देऊ," असे तो म्हणत नाही.

आता कोणी म्हणेल, याकोब तर कर्मांनी नीतिमान ठरण्याबद्दल बोलतो. दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात, म्हणून गोंधळ वाढतो. पण दोघे अब्राहामाच्या आयुष्यातल्या कोणत्या दिवसाबद्दल बोलतात ते पाहा. पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो. तिथे अब्राहाम रात्रीच्या आकाशाखाली देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो आणि तो विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती. ती सतराव्या अध्यायात, नव्याण्णवाव्या वर्षी झाली. याकोब इसहाकाच्या अर्पणाकडे, म्हणजे बाविसाव्या अध्यायाकडे बघतो. मध्ये कितीतरी वर्षे गेली आहेत. त्या वर्षांत अब्राहाम अडखळलाही आहे. गराराला जाऊन भीतीपोटी त्याने बायकोला बहीण म्हणून सांगितले. देवाने पंधराव्या अध्यायातला निकाल मागे घेतला का? नाही. तो निकाल कायम राहिला, आणि त्याच विश्वासाला मोरिया देशातल्या डोंगरावर फळ आले. पौल मूळ दाखवतो, याकोब फळ दाखवतो. फळ कधीच न देणारे झाड मेलेले असते, हे याकोबाचे म्हणणे खरे आहे. पण फळे बांधून कोणी मेलेले झाड जिवंत करू शकत नाही, हेही तितकेच खरे.

मंडळीच्या इतिहासात या प्रश्नावर मोठी फूट पडली, हे आपणांस ठाऊक आहे. सोळाव्या शतकात ल्यूथर आणि रोमन मंडळी यांच्यातल्या वादाचे हे एक मुख्य कारण होते. कॅल्विनने सूर्याचा दाखला दिला. सूर्याचा प्रकाश आणि सूर्याची ऊब कधी वेगळी करता येत नाही, पण प्रकाश म्हणजे ऊब नव्हे. तसेच ख्रिस्त ज्याला नीतिमान ठरवतो त्याला पवित्रही करतो, पण या दोन गोष्टी एक नाहीत. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लुथेरन आणि रोमन कॅथलिक प्रतिनिधींनी नीतिमान ठरण्याविषयीच्या एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. सगळे मतभेद मिटले असे नाही. पण आपल्या पुण्याईमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, आणि मग सत्कर्मांसाठी आपल्याला सिद्ध करतो, हे दोघांनी मिळून म्हटले.

आपल्या मराठी मंडळीत याची साक्ष पंडिता रमाबाईंच्या जीवनात आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. म्हणजे बाप्तिस्मा झालेला होता, सेवाही चालू होती, त्यागही होता. तरी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्यांच्या हाती ख्रिस्ती धर्म आला होता, ख्रिस्त आला नव्हता. साधारण १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले की तारण हे स्वतः ख्रिस्तच देतो, आणि ते आताच घ्यायचे असते. मग त्यांची सेवा ढिली पडली का? कृपेवर इतका भर दिला तर लोक आळशी होतील, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचे बघावे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या, आणि केडगावला आश्रम उभा राहिला. त्याचे नाव त्यांनी मुक्ती ठेवले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळतो. पाड्यावरचा भाऊ पुन्हा दारू प्यायला लागला. त्याला काय सांगायचे?

एक, "तू आमचा नाहीस," असे सांगायचे नाही. करिंथच्या मंडळीत भांडणे होती, अनैतिकता होती, प्रभुभोजनालाही गोंधळ होता. तरी पौल पत्राच्या आरंभी त्यांना ख्रिस्तात पवित्र केलेले असेच संबोधतो. दोन, "चालायचेच," असेही सांगायचे नाही. त्याच पत्रात पौल कडक शिस्त लावतो. आणि दुसऱ्या पत्रात, शिक्षा झालेल्या माणसाला क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असे विनवतो. शिस्त घरातल्या मुलाला लावतात, आणि शिस्त लावली म्हणून मुलगा परका होत नाही. तीन, त्याच्या सोबत चालायचे. पगार झाला त्या संध्याकाळी त्याच्या घरी कोण बसणार? पावसाळ्यात उचल घ्यावी लागू नये म्हणून बचतगटाचे काय? तो भट्टीवर गेला तर त्याची मुले वसतिगृहात राहतील का? पवित्रीकरण हे पवित्र आत्म्याचे काम आहे, पण तो ते बहुतेक वेळा भावाबहिणींच्या हातांनी करतो. सुटकेचा दाखला देऊन माणसाला रस्त्यावर सोडणे जसे अपुरे, तसे बाप्तिस्मा देऊन वर्षातून एकदा भेटणेही अपुरेच.

आणि येथे बसलेल्या आपणां देणगीदारांसाठीही एक शब्द आहे. आपण जे देता ते देवाजवळचे खाते चुकते करण्यासाठी देऊ नका. ते खाते बंद झाले आहे. ज्याला अजून फेडायचे आहे असे वाटते, तो देताना हिशोब ठेवतो आणि घेणाऱ्याकडून परतफेड मागतो. किती बाप्तिस्मे झाले, किती जणांनी दारू सोडली, आमच्या पैशाचे काय झाले. ज्याचे ऋण फिटले आहे तो मोकळ्या हाताने देतो. म्हणूनच आपल्या वसतिगृहातले जेवण आणि दवाखान्यातली गोळी कोणाच्या विश्वासाशी बांधलेली नाही आणि बांधायचीही नाही. आपल्याला जे फुकट मिळाले ते आपण विकू शकत नाही.

देवाच्या न्यायासनासमोर आपण आणि तो पाड्यावरचा भाऊ एकाच रांगेत उभे आहोत. त्याला वेगळा निकाल नाही, आपल्याला वेगळा नाही. आपण चर्चमध्ये चाळीस वर्षे बसलो म्हणून आपण जास्त नीतिमान नाही. तो काल घसरला म्हणून तो कमी नीतिमान नाही. चालीत कोणी पुढे असेल, कोणी मागे. पुढे असलेल्याने मागच्याचा हात धरावा, एवढेच प्रभू मागतो.

या हंगामात भट्ट्यांवर गेलेल्या आपल्या कुटुंबांसाठी, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या लेकरांसाठी प्रार्थना करा. ज्या देवाने हे काम आरंभले आहे तो ते पुरे करील. त्याची कृपा आपणां सर्वांवर असो. आमेन.