धूर कमी झाला, पण कोणाच्या पोटावर?

(पोखर्णी येथील बैठकीत केलेले भाषण)



लॉकडाऊनमधी टीव्हीवाले सांगत होते, हवा शुद्ध झाली, आभाळ निळं झालं. खरं होतं ते. पण तवा आपण कुठं होतो? माझे आईवडील वीटभट्टीवर होते. बांधकामं बंद, म्हणून विटा पडून, म्हणून भट्टी पेटली नाही. अंगावर उचल तेवढी राहिली. भट्टीचा धूर थांबला अन् आमच्या चुलीचा बी.

हिशेब असा आहे. तेजीत इमारती, रस्ते, गाड्या वाढतात. त्याला सिमेंट, लोखंड, वीज लागते, अन् आपल्या देशात हे बहुतेक कोळशावर चालतं. कोळसा जळला की कर्बवायू. मंदीत मागणी घटते, तसा तो बी घटतो. २००८ च्या मंदीनंतर, २००९ साली जगाचा कर्बवायू एक-दीड टक्क्याने घटला. २०१० ला पाच टक्क्यांच्या वर वाढला. २०२० ला पाचेक टक्के घटला, २०२१ ला जवळपास होता तिथं. मंजी मंदीत भट्टी नुसती थांबते, बदलत नाही. पुन्हा पेटवली की कोळसा तोच.

आपल्या स्टेशनावरून रूळ परळीला जातात. तिथलं वीज केंद्र २०१५ ला बंद पडलं होतं, ते मंदीमुळं नव्हे. दुष्काळ होता, पाणी नव्हतं. वीज वापरणारे होतेच, त्यांच्यासाठी कोळसा दुसरीकडं जळला. म्हणून एक चिमणी थंड दिसली तर लगेच खूश होऊ नका.

आता आपल्या जमिनीचं. मंदी आली की सरकारला तेजीची घाई होते. शहरातून चालत आलेल्यांच्या पायाचे फोड वाळले नव्हते, तवा १८ जून २०२० ला केंद्राने ४१ कोळसा खाणींचा लिलाव जाहीर केला. त्यात ताडोबाजवळची बांदर खाण बी होती. विरोध झाला, मग ती यादीतून काढली. तेजीत बी तेच. गडचिरोलीत सुरजागडची लोहखनिजाची लीज २००७ ची, पोलादाला मागणी होती तवाची. ग्रामसभा विरोध करीत राहिल्या, तरी लॉकडाऊन उठल्यावर २०२१ ला खाण जोरात सुरू झाली.

आपण मंदी मागत नाही. मंदीत आधी मरतो तो मजूर, बंगल्यातला एसी चालूच असतो. आपल्याला काम पाहिजे अन् जंगल बी पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेला जंगल राखायचा हक्क आहे. तो कागदावर आला नाही तर पुढच्या तेजीत आपल्याला कोणी विचारायला येणार नाही.

जिंतूरकडच्या ज्या गावांचे सामूहिक दावे अडकलेत, त्यांनी ठरावाची नक्कल अन् दावा दिल्याची पोच घेऊन पुढच्या बैठकीला यावं. पोच नसेल तर तसं बी सांगा, लपवू नका.