कवीच्या आधीचं विशेषण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कविसंमेलनात माझी ओळख करून देताना सूत्रसंचालक हमखास दोन वाक्यं बोलतात. पहिलं, ‘आता येत आहेत मुस्लिम कवी.’ आणि दुसरं, ‘पण त्यांचं मराठी ऐका, किती शुद्ध आहे!’ मंडळी मनापासून टाळ्या वाजवतात. माझी तक्रार त्या टाळ्यांबद्दल नाही. त्या दुसऱ्या वाक्यातल्या ‘पण’बद्दल मात्र मी गेली तीस वर्षं विचार करतो आहे.

मी सोलापूरचा. वडील मिल कामगार. घरात दखनी, दाराबाहेर मराठी, दोन घरं पलीकडे तेलुगू आणि चौक ओलांडला की कन्नड. आमच्या गावात चार भाषा येणं हे पांडित्याचं लक्षण नाही. दुकानातून मीठ-मिरची आणायला त्या लागतात, म्हणून येतात. त्यामुळे मराठी मी ‘आत्मसात’ वगैरे केली नाही, ती होतीच.

आज मला ज्या वादाबद्दल बोलायचं आहे, तो जुना आहे, पण अलीकडे फार तापला आहे. लेखक, कलावंत, शास्त्र-तंत्रातली माणसं यांनी आपल्या कामात सामाजिक न्यायाचा प्रश्न आणावा की नाही? एक पक्ष म्हणतो, कवितेला जात-धर्म नसतो, कविता चांगली आहे का एवढंच पाहा. दुसरा पक्ष म्हणतो, ‘चांगली’ कशाला म्हणायचं हे आजवर ज्यांनी ठरवलं, ते कोण होते ते आधी पाहा.

हा वाद मी पहिल्यांदा ऐकला तो १९९० साली. त्या वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. संगमेश्वर महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर त्यामागे होते. मी तेव्हा वीस वर्षांचा, बी.ए.ला. खुर्च्या मांडणं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणणं ही माझी कामं. योगायोग पाहा, त्याच वर्षी पुण्यात झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण, संतसाहित्याचे गाढे अभ्यासक आणि आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याचे. मग लोक विचारू लागले, अध्यक्षपदावर मुसलमान बसला, आता वेगळी चूल कशाला?

प्रश्न रास्त होता. माझे मराठीचे एक शिक्षकही तो विचारत, आणि त्यांच्या मनात कसलाही आकस नव्हता. ते म्हणत, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, सगनभाऊंनी लावण्या लिहिल्या, बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्रासाठी डफ घेऊन उभे राहिले. यांपैकी कुणी वेगळा मांडव घातला का?

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देतो. मराठीत वेगळा मांडव घालण्याची परंपरा आमच्यापासून सुरू झालेली नाही. १८८५ साली पुण्यातल्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून नाकारलं. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केलं. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेव्हा त्यातले कितीतरी शब्द पांढरपेशा वाचकाला ठाऊकच नव्हते. १९९९ साली धारावीत विद्रोही साहित्य संमेलन झालं. दर वेळी ‘भाषा फुटेल’ अशी भीती घातली गेली आणि दर वेळी भाषा फुटण्याऐवजी रुंदावली. मोठ्या मंचावर एक माणूस बसणं आणि पन्नास नवख्या पोरांना पहिल्यांदा माइकसमोर उभं राहायला मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या पोरांत मी होतो.

इथवर मी एका बाजूचा वकील आहे. आता दुसरी बाजूही मांडतो, कारण ती माझ्या अंगावर आली आहे.

माझ्या एका खालेला, म्हणजे मावशीला, नवऱ्यानं तोंडी तलाक दिला होता. एक पत्र्याची ट्रंक घेऊन ती आमच्या दारात आली आणि पुढे आयुष्यभर टॉवेलच्या कडा शिवून पोट भरत राहिली. १९९५च्या सुमारास मी तिच्यावर कविता लिहिली. एका कार्यक्रमात वाचणार होतो. आदल्या रात्री चळवळीतल्या दोन ज्येष्ठांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ‘बाबरी आणि मुंबईच्या दंगलीच्या जखमा ओल्या आहेत. ही कविता तू वाचशील आणि तिचं हत्यार दुसरेच करतील. थोडं थांब.’ माणसं प्रामाणिक होती. त्यांची भीती खोटी नव्हती. मी थांबलो.

खरं तर हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तेव्हाही त्यांना ‘ही वेळ नव्हे’ असंच सांगितलं गेलं असणार. वेळ कधीच नसते.

काही वर्षांनी खालाला कुणाकडून तरी कळलं. तिनं मला समोर बसवून कविता वाचायला लावली. मी वाचली. कवितेत ती दारात ट्रंकेवर बसून रडते आहे, असं होतं. ती ऐकून म्हणाली, ‘मैं रोई नै रे. मैं बर्तन गिन रई थी.’ लग्नात माहेरहून नेलेल्या आठ ताटांपैकी सहाच ट्रंकेत भरली होती, तिचा तो हिशेब चालला होता. मग शिवण खाली ठेवून म्हणाली, ‘लिख्या तो पढ़ना था ना. बात मेरी, शरम तेरी?’

श्रोतेहो, साहित्य आणि चळवळ यांच्या नात्याबद्दल मी बरीच पुस्तकं वाचली, पण याहून मोठा धडा मला कुणी दिला नाही. चळवळीनं मला लिहिण्याचं बळ दिलं होतं, हे मी नाकारणार नाही. चळवळ नसती तर खाला हा कवितेचा विषय होऊ शकतो, हेच मला सुचलं नसतं. पण अन्याय झालेली बाई रडलीच पाहिजे, हेही मी तिथूनच उचललं होतं. आणि ती कविता कुठे वाचायची, कुठे नाही, हे ठरवताना तिला कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही.

कविता मी दुरुस्त केली. खाला गेली. २०१९ साली तोंडी तलाकविरोधी कायदा झाला आणि एकाएकी त्या कवितेला मागणी आली. एका शहरात वाचली. टाळ्यांचा कडकडाट झाला. एक गृहस्थ व्यासपीठावर येऊन हात दाबत म्हणाले, ‘तुमच्यातलं कुणीतरी एकदाचं बोललं!’ त्या क्षणी मला त्या दोन ज्येष्ठांची आठवण झाली. त्यांनी वर्तवलेलं भाकीत बरोबर होतं, पण त्यावर त्यांनी दिलेला सल्ला चूक होता. आपल्या गप्प बसण्यानं हत्यार करणारे थांबत नाहीत, फक्त खाला ऐकू येत नाही.

मुस्कटदाबी एकाच बाजूनं होते, अशा समजात राहू नये. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. डिसेंबर २०२२मध्ये कोबाड घांदी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार राज्य सरकारनं रद्द केला, त्यावर काही साहित्यिकांनी सरकारी मंडळांचे राजीनामे दिले. जानेवारी २०२०मध्ये आमच्या शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले, तेव्हा ‘पाद्री कशाला?’ म्हणून गदारोळ झाला. हा माणूस ‘सुबोध बायबल’ लिहिणारा आणि वसईची हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरणारा. लेखक आणि कार्यकर्ता यांच्यात भिंत घालायची तर दिब्रिटोंच्या देहातून घालावी लागली असती. संमेलन झालं. लोक आले, पुस्तकं घेऊन गेले.

माझा भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तो सांगतो, मामू, आमच्याकडेही हेच चालू आहे. लिनक्स ही जगभरच्या लोकांनी मिळून घडवलेली संगणक-प्रणाली. तिचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१८ साली आपल्या फटकळ वागण्याबद्दल माफी मागितली आणि त्याच सुमारास तिथे आचारसंहिता आली. लगेच दोन तट पडले. काही म्हणाले, प्रोग्रॅम चांगला आहे का ते पाहा, वागणुकीचं काय घेऊन बसलात? काही म्हणाले, रोज अपमान होणार असेल तर चांगला प्रोग्रॅम लिहिणारा तिथे टिकेल कसा? मग ‘मास्टर’ हा शब्द गुलामगिरीची आठवण करून देतो, म्हणून २०२०मध्ये ‘मेन’ आला. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. मी दोन्हींच्या बाजूचा आहे. नावं बदलावीत. फक्त पाटी बदलल्यावर त्या वस्तीच्या नळाला पाणी आलं का, हेही कुणीतरी जाऊन पाहावं.

शेवटी पुन्हा त्या विशेषणाकडे येतो. ‘मुस्लिम कवी’ म्हणा, माझी हरकत नाही. त्या विशेषणानं मला दार उघडून दिलं. पण आत आल्यावर मी काय बोलावं, केव्हा रडावं आणि केव्हा गप्प बसावं, हे त्या विशेषणानं सांगू नये. टाळ्या वाजवणाऱ्यांनीही नाही आणि माझ्या माणसांनीही नाही.

२०१९च्या त्या कार्यक्रमानंतर जिन्यापाशी एक बाई थांबल्या होत्या. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी. कायद्याबद्दल काही बोलल्या नाहीत, समाजाबद्दल नाही. एवढंच विचारलं, ‘ती राहिलेली दोन ताटं मिळाली का हो त्यांना?’

मी म्हटलं, नाही.

त्या म्हणाल्या, ‘माझीही नाही मिळाली.’ आणि जिना उतरून गेल्या. त्यांचं नाव, गाव, धर्म मी विचारला नाही.